नऊ पंच आणि एक तर्जुमा

चेरीतालला राहावयास आल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या आत्याने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत शेजारणीला ‘मास्टरजी ने हमारे लड़के को बहुत शिक्षा दी’ असे सांगितले, आणि त्या भाबड्या बाईने, पोराच्या तळहातावर छडीचे लाल वळ उमटलेले असताना, मास्तरांच्या विद्यादानाची तोंडभरून स्तुती केली. जबलपुरात हयात घालविलेल्या मराठी माणसाजवळ असल्या गफलतींचा साठा असतोच, आणि तो पाहुण्यांना हसविण्याच्या कामी येतो. परंतु टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याची हकीकत सावकाशीने वाचल्यापासून माझे ते हसणे काहीसे आखडते झाले आहे.

मुजफ्फरपूरचा बाँब ३० एप्रिलला उडाला, त्यावरचे ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख ‘केसरी’च्या १२ मे व ९ जूनच्या अंकांत आले, २४ जूनला टिळक मुंबईत पकडले गेले, जामीन नामंजूर झाला, आणि १३ जुलैला हायकोर्टात सुनावणी सुरू झाली. न्यायासनावरचे दावर हे १८९७ साली टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या चवीने सांगतात. मला ती गौण वाटते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि त्यांच्यापुढे ‘केसरी’ नव्हे, तर सरकारी दप्तरात तयार झालेला ‘केसरी’चा इंग्रजी तर्जुमा होता, हे खरे मर्म.

‘दुर्दैव’ हाच शब्द घ्या. विहीर आटली तरी दुर्दैव, कर्ता मुलगा गेला तरी दुर्दैव. त्यात दैवाला दिलेला बोल आहे, सोसणाऱ्याचा सुस्कारा आहे, आणि बोलणारा टिळकांसारखा असेल तर हे दैव घडविणारे कोण हे न उच्चारता सुचविण्याची सोयही आहे. इंग्रजी प्रतिशब्दात यातले एखादे अंग उतरते, बाकीची खाली सांडतात. आणि सांडलेल्या जागी भाषांतरकाराची मर्जी, किंवा मर्जीहून घातक असा त्याचा कोश येऊन बसतो. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी केली, आणि पुढे सुमारे २१ तास स्वतःच्या बचावाचे भाषण करताना चुकीच्या शब्दयोजनेचा मुद्दा पुनःपुन्हा लावून धरला, तो वकिली चातुर्य म्हणून नव्हे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. मराठी जाणणारी ज्यूरी असती तर टिळक सुटलेच असते, असे छातीठोकपणे म्हणण्यास मी तयार नाही. त्या लेखांतील डंख मराठी वाचकाला तर्जुम्यापेक्षा अधिकच झोंबला असता. पण तो डंख कोणाला, किती आणि कशासाठी, हे त्याला कळले असते. आणि मगच त्याने दोषी म्हटले असते अथवा निर्दोष. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मतांनी जो निकाल आला, सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड, त्यात हे कळणे कोठेच नव्हते.

हा दोष परक्या राजवटीपुरता असता तर गोष्ट सोपी होती. परंतु स्वतंत्र अमेरिकेत, १९२१ साली डेडहॅम येथे, साको आणि व्हान्झेटी या दोन अराजकवादी इटालियन स्थलांतरितांवर खुनाचा खटला चालला, तेव्हा त्यांच्याही जबान्या दुभाष्यामार्फत झाल्या आणि त्या दुभाष्याच्या भाषांतरावरून भर कचेरीत वाद माजले. १९२७ साली दोघांना विजेच्या खुर्चीत बसविण्यात आले. पन्नास वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने जाहीर केले की त्यांना न्याय्य वागणूक मिळाली नव्हती. टिळक निदान इंग्रजीत ज्यूरीशी दोन हात करू शकत होते.

आणि तरी त्यांनाही मराठीची बाजू इंग्रजीतच मांडावी लागली. ज्यूरीने दोषी ठरविल्यावर त्यांनी उच्चारलेली ती प्रसिद्ध वाक्येही इंग्रजीच; १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते त्याच न्यायालयात ती संगमरवरावर लागली, तीही इंग्रजीतच. लहानपणी आत्याने ती मला तोंडपाठ करून घेतली होती, अर्थात मराठीत. तो तर्जुमा कोणाचा, हे ना तिने सांगितले, ना मी विचारले.