गोंगाटाचा रसास्वाद

ज्या आवाजाने एकाचे कान किटतात, तोच आवाज दुसऱ्याने दाम मोजून, दिवा मालवून, एकाग्र चित्ताने ऐकावा, यात काही अनीती आहे काय? हा प्रश्न आम्ही केवळ तर्कक्रीडा म्हणून विचारीत नाही. यंत्रांचा खडखडाट, भट्ट्यांची घरघर आणि सिंथेसायझरमधून काढलेले कर्कश ध्वनी यांचीच रचना करून तिला संगीत म्हणणारा एक पंथ जगात निर्माण झाला आहे. इटलीतील लुईजी रुसोलो याने १९१३ साली गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा काढला व गोंगाट करणारी वाद्येही बनविली. १९७६ साली लंडनमधील थ्रॉबिंग ग्रिसल या मंडळींनी आपल्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेस ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे औद्योगिक हेच नाव दिले. आज या पंथाच्या कॅसेटी पन्नास-शंभर प्रतींच्या मर्यादित आवृत्तीत निघतात, आणि आवृत्ती संपली की रसिक हळहळतात.

‘हे संगीतच नव्हे’ असे म्हणून प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. परंतु ज्या साहित्यशास्त्राने बीभत्स व भयानक यांस रसांच्या पंक्तीत पाट मांडून बसविले, त्याच्या वारसांनी कर्कशतेपुढे दार लावावे हे शोभत नाही. रंगभूमीवरील शोकाने प्रेक्षक रडतो आणि तरीही सुखावतो, हे कसे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. तात्यासाहेब केळकरांनी त्यावर ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली: प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाही. गोंगाटाच्या रसिकाचे सारे सुख आमच्या मते या विकल्पावरच उभे आहे. कॅसेट थांबविण्याची कळ त्याच्या हाताशी असते. ती नसती, तर पहिल्या पाच मिनिटांत रस आटून नुसता ताप उरला असता.

ज्यांच्या हाताशी अशी कळ नाही, त्यांचा मुलूख पाहावयाचा तर चंद्रपुरास जावे. तेथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. शेजारीच दुर्गापूर व पद्मापूर येथील उघड्या कोळसाखाणी; तेथे सुरुंग उडतात, डंपरांची चढउतार चालते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ सालच्या मूल्यमापनात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले गेले. पूर्वेस गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव नांदतो, आणि त्याच डोंगरातील लोहखनिज घेऊन ट्रक जंगलातल्या रस्त्याने धावतात. येथल्या माणसास समाधी नाही आणि विकल्पही नाही. त्याला ऐकावे लागते, इतकेच. (याच चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या निःशब्द अरण्यासाठी पाहुणे चांगले दाम मोजतात, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते.)

मग शहरातला रसिक परक्याच्या क्लेशाशी खेळतो, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पुरतेपणी पटत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ साली सुरू झाली. १५०० मेगावॅट वाहून नेण्याची तिची शक्ती. तिच्यातून दिष्ट प्रवाह जातो व त्यास आवर्तने नसतात. पडघ्यास त्याचा प्रत्यावर्ती प्रवाह होतो, म्हणजे तो सेकंदास पन्नास आवर्तने घेऊ लागतो. शहरातील रोहित्रे आणि सदोष जोडणीचे ध्वनिवर्धक जे गुणगुणतात, ते या आवर्तनांमुळेच. मधुर गाणे मुद्रित करणारा ही गुणगुण काळजीपूर्वक गाळून टाकतो. गोंगाटाचा कलावंत तिलाच पुढे आणतो. दिवाणखान्यात भावगीत ऐकणारा सद्गृहस्थही काही अंशी चंद्रपूरच्या कोळशावरच ऐकत असतो. फक्त त्याला ते जाणवू दिले जात नाही. प्रामाणिकपणाचाच प्रश्न असेल, तर आमचे मत गोंगाटाच्या बाजूने पडेल.

तरी एक दोष उरतोच, आणि तो लहान नव्हे. या कॅसेटींच्या वेष्टनांवर धुराडी असतात, गंजलेले लोखंड असते. पण तो कारखाना कोठला, त्याच्या भोंग्यावर कोणाचे घर उठते-बसते, याचा पुष्कळदा पत्ताच नसतो. ‘एकच प्याला’तील शोक निनावी नाही, तो सिंधूचा आहे, प्रेक्षक तिचे नाव मनात घेऊन घरी जातो. आलंबनच पुसून टाकलेला भयानक रस म्हणजे निव्वळ कानांची चैन होय, आणि आवृत्ती जितकी दुर्मीळ तितकी ती चैन महाग.

आपल्यापैकी कोणी दुर्गापूरच्या खाणीचे ध्वनी घेऊन अशी कॅसेट काढलीच, तर तिच्यावर दुर्गापूरचे नाव ठळक घालावे आणि पन्नासांतल्या चार-दोन प्रती तेथे आधी धाडाव्यात. ‘आमचा डंपर याहून जड वाजतो’ असे तेथील कोणी म्हणाला, तर ती टीका आम्ही जाणकारांच्या स्तुतीहून मोलाची मानू. त्याने ती मध्येच बंद केली, तरी वाईट वाटून घेऊ नये. त्या आवाजाची कळ कधी नव्हे ती त्याच्या हाती आली असेल.