अस्मानीची कैफियत

घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्याने एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळला, १७ माणसे प्राणास मुकली, आणि पुढे आरोपीच्या वतीने न्यायालयात अशी कैफियत मांडण्यात आली की घडले ते ईश्वरी करणीने घडले. कायद्यात तिचे मोल काय ते न्यायाधीश ठरवोत. परंतु नित्याचा वारा हवामानखात्याचा आणि अवचित सुटलेला तेवढा ईश्वराचा, हा जो धर्मविषयक सिद्धान्त तीत गृहीत धरलेला आहे, तो श्रद्धावंतानेच पारखून घ्यावा असा आहे.

वास्तविक मुंबईच्या उपनगरांचा पुष्कळसा व्यवहार वाऱ्याच्या नेमस्तपणावर विसंबून आहे. दिवसा अंधेरी-बोरिवलीवर खारे वारे येतात, हिवाळ्यातल्या रात्री मतलई वारे समुद्राकडे परततात, जूनपासून नैर्ऋत्येचा अंमल बसतो. विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि पश्चिमेच्या वाऱ्याला सामोरे जावे म्हणून विमाने बहुधा घाटकोपरच्या छपरांवरूनच उतरतात. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. वेसाव्याच्या कोळ्यांचे दफ्तर तिच्याहून जुने, फक्त ते कागदावर नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना नैर्ऋत्येचा जोर ओसरू लागल्याची पिढीजात जाण त्या पूजेत असते, आणि तिथे भक्ती व निरीक्षण यांची फारकत झालेली नाही.

तैत्तिरीय उपनिषद आरंभीच वायूला प्रत्यक्ष ब्रह्म म्हणून वंदन करते आणि पुढे तोच वायू ब्रह्माच्या भयाने वाहतो असे सांगते. म्हणजे जे वंद्य ते आज्ञाधारकही आहे. केनोपनिषदात तर यक्षाने पुढे ठेवलेली एक काडी वायूला हलवता येत नाही. ऋग्वेदातले मरुद्गण वादळाचेच देव आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून झुळूक आणि झंझावात या दोहोंत एकच सत्ता आहे एवढेच सिद्ध होते. निम्मा वारा देवाच्या नावे चढवून आपली सुटका करून घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही. (बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीच्या लेण्यांतून राहिलेल्या भिक्षूंनी कर्त्याचा प्रश्नच बाजूला सारून केवळ कारणांची परंपरा विचारली असती.)

ती परंपरा येथे आखूड आहे. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वायुवेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. त्या दुपारचा वारा त्याच्या पुष्कळ खाली होता. महापालिकेची मर्यादा ४० फूट बाय ४० फूट, फलक १२० बाय १२०. जुन्या कारभारात आपत्तीचे अस्मानी आणि सुलतानी असे दोन वर्ग केलेले असत, आणि ही आपत्ती कोणत्या वर्गात पडते हे सांगायला शास्त्री नको, साधा कारकून पुरे.

अवघड प्रश्न याच्या पुढे आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे, त्या तापण्यात माणसाचा हात आहे, आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. कोणत्याही एका वादळाचा दोष या तापण्यावर टाकता येत नाही हे खरे. तरी वाऱ्याची दीर्घकालीन चालच बदलत गेली तर निर्भेळ अस्मानी असे काही उरेल काय? ऋताचा भंग करणाऱ्याला वरुण पाशांनी बांधतो अशी वैदिकांची श्रद्धा होती, आणि वसिष्ठाने तर पूर्वजांच्या अपराधांतूनही सुटका मागितली आहे. छेडानगरात पेट्रोल भरायला थांबलेल्या माणसांनी मात्र कोणाच्या अपराधातून सुटका मागायची होती, हे वरुणसूक्तावरून मला उलगडत नाही.