पेटीवरची सूचना

परप्रांती नोकरी करणाऱ्यास दोन विद्या न शिकता अवगत होतात : शेरा मारून फाईल पुढे पाठविणे आणि बदली होताच सामान बांधणे. पहिल्या विद्येची सवय दुसरीत शिरली म्हणजे काय होते, हे आम्हांस एका जुन्या संगणकाने शिकविले.

१९८१ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी संगणक-साक्षरता योजनेतून आपल्याकडील शाळांत पोहोचला. असाच एक संच भंगारातून वाचवून एका निवृत्त शिक्षकांनी जपला होता. चंडीगडहून गुवाहाटीस आमची बदली झाली, तेव्हा आपल्यामागे तो कोणी सांभाळणार नाही असे म्हणून त्यांनी तो पडद्यासह आमच्या स्वाधीन केला.

आम्ही वाण्याकडून खोका आणला, पडदा त्यात उभा ठेवला, भोवती वर्तमानपत्रांचे बोळे भरले आणि ‘काच आहे, जपून हाताळा’ असे तीन भाषांत ठळक लिहिले. गुवाहाटीस उघडून पाहतो तो पिक्चर ट्यूबची मागची निमुळती मान मोडलेली! हमालांना यथेच्छ दूषणे देऊन आम्ही शिक्षकांना पत्र लिहावयास बसलो. ‘हमालांच्या निष्काळजीपणामुळे’ एवढे लिहिले आणि लेखणी अडखळली. समोरच्या खोक्यात बोळे दबून तळाशी बसले होते. मोकळ्या झालेल्या जागेत तो जड पडदा वाटभर आदळत आला होता.

प्रश्न असा की, सूचना लिहिल्याने आमचे कर्तव्य संपले होते काय? दिवसाकाठी शेकडो डाग उचलणाऱ्या हमालाने आम्हांस कसलेच वचन दिले नव्हते. शिक्षकांना ते आम्ही दिले होते. सूचना ही केवळ विनंती आहे. तिला जबाबदारी उतरवून घेतल्याची पावती समजणे, हीच ती फाईल पुढे ढकलण्याची वृत्ती होय.

सर्वच अपघात कोणास टाळता येतात, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु गाडी रुळांवरून घसरणे हा अपघात, आणि खोका कमरेइतक्या उंचीवरून पडणे हा प्रवासाचा नित्यक्रम. जे घडणारच हे ठाऊक आहे, त्याची तजवीज न करणाऱ्याने दैवास बोल लावू नये.

पैशाची सबबही येथे चालत नाही. नव्या फ्रिजबरोबर आलेले थर्मोकोल, फाटक्या गोधड्या, पुठ्ठ्याच्या घड्या यांवर काम भागते. पडदा काचेची बाजू खाली करून ठेवावा. पुढची जाड काच भार सोसते, मान सोसत नाही. शाई लागू नये म्हणून यंत्राला आधी स्वच्छ सुती कापड गुंडाळावे. सुटी सर्किटे थर्मोकोलला थेट टेकवू नयेत, कारण घर्षणाने उपजणारी स्थिर विद्युत त्यांस घातक असते. लहान खोका मोठ्या खोक्यात बसवून दोहोंमध्ये सर्व बाजूंनी दोनेक इंच भरण गच्च भरावे. शेवटी पेटी हलवून पाहावी. आत काही हलल्याचे जाणवले, तर पुन्हा उघडावी. या सर्वांस द्रव्य थोडे लागते. लागतो तो वेळ, आणि आपल्या डोळ्यांआड वस्तूचे काय होईल याची कल्पना करण्याचे कष्ट. अशा श्रमांचे कौतुक कोणी करीत नाही, कारण काहीही न घडणे हेच त्यांचे फळ असते.

आम्ही ते पत्र फाडले आणि दुसरे लिहिले : “चूक आमची. पडदा आमच्या बांधणीने फुटला.” संगणक मात्र शाबूत होता, घरच्या मंडळींनी तो आमच्या नकळत गोधडीत गुंडाळून दुसऱ्या पेटीत गच्च बसविला होता. तिच्यावर कोणतीही सूचना नव्हती. शिक्षकांचे उत्तर आले, तेही दोनच ओळींचे : यंत्र जुन्या दूरदर्शन संचास जोडता येते, जोडून पाहावे.

जोडले, चालले. त्यानंतर दोन बदल्या झाल्या. सूचना आम्ही आजही लिहितो. परंतु पेटी बांधून, हलवून पाहिल्यावर, सर्वांत शेवटी.