निर्दोष यंत्रे, सदोष चित्र

व्हिडिओ रेकॉर्डर जुन्या दूरदर्शन संचाला जोडल्यावर चित्र बिघडलेले दिसणे ही वरकरणी कारागिराच्या अखत्यारीतील बाब असली, तरी तिच्यात ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कशामुळे ठरते हे तपासणाऱ्या शास्त्राचा, एक जुना प्रश्न दडलेला आहे. चित्र खोटे पडले तर कोठेतरी दोष असलाच पाहिजे काय, आणि दोष कोठेच नसेल तर चित्र खरे उतरलेच पाहिजे काय, असा तो प्रश्न आहे. वेदप्रामाण्याचा मीमांसकांनी केलेला सारा बचाव यांपैकी दुसऱ्या भागाच्या होकारार्थी उत्तरावर उभा असल्याने त्याचा संबंध धर्मविचाराशीही पोहोचतो.

बीडहून सोलापूरकडे जाताना मांजरसुंब्याचा घाट चढल्यानंतर लागणाऱ्या चौसाळ्यासारख्या बाजारगावात व्हीसीआरच्या काळात टीव्ही दुरुस्त करणारे ज्या रीतीने दोष शोधत, तिला न्यायशास्त्रात अन्वयव्यतिरेक हे नाव आहे. एक गोष्ट असताना दुसरी असणे हा अन्वय आणि ती काढून घेताच दुसरी नाहीशी होणे हा व्यतिरेक. दूरदर्शनचा कार्यक्रम स्वच्छ दिसतो, पण कॅसेट लावताच पडद्यावर मुंग्या येतात, असे झाले की अँटेना आणि संच सुटले व संशय रेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरील चुंबकीय ठसा वाचणाऱ्या भागावर, गेला. एकाच कॅसेटला आडवा पट्टा दिसत असेल तर ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि फितीवरील ठसा यांची जुळणी; वायर हलवताच चित्र येत-जात असेल तर पिन. ज्या जुन्या संचांना केवळ अँटेनाचे भोक असे, त्यांच्यासाठी रेकॉर्डर स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र बनून एका ठरावीक चॅनेलवर चित्र सोडत असे, आणि संचाची सुई त्या चॅनेलवर नेमकी बसली नाही तरीही मुंग्याच दिसत. चित्र चांगले दिसत असताना मात्र ते चांगले का दिसते, असे कोणीही विचारत नसे.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिलभट्टांचा स्वतःप्रामाण्यवाद नेमके हेच सांगतो. ज्ञान उत्पन्न होते ते खरे म्हणूनच उत्पन्न होते, त्याच्या खरेपणाला बाहेरचा आधार लागत नाही. खोटेपणा तेवढा बाहेरून येतो आणि तो दोन मार्गांनी कळतो. एक तर विरुद्ध ज्ञान होते, ज्याला बाधक म्हणतात, किंवा ज्ञानाच्या साधनात दोष आढळतो, ज्याला कारणदोष म्हणतात. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेले. रचणारा नाही म्हणून रचणाऱ्याचे अज्ञान, लोभ वा फसवेगिरी हे दोष नाहीत. दोष नाहीत म्हणून अप्रामाण्याला वाव नाही. युक्तिवाद बांधेसूद आहे, आणि कारागिराचा रोजचा अनुभव त्याच्या बाजूने साक्ष देतो.

परंतु त्याच कारागिराला क्वचित अशी एक जोडणी भेटे, जिच्यापुढे ही साक्ष टिकत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकाने तिकडचा रेकॉर्डर आणि तिकडेच चित्रित केलेली कॅसेट आणली, २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, पिना नीट बसवल्या, तरी जुन्या भारतीय रंगीत संचावर चित्र वरखाली सरकत राही, आणि होल्डचे बटण फिरवून ते थांबवले तरी कृष्णधवलच दिसे. अमेरिकी एनटीएससी पद्धतीत एक चित्र ५२५ रेषांचे असते आणि सेकंदाला सुमारे तीस चित्रे येतात. भारतीय पाल पद्धतीत रेषा ६२५ आणि चित्रे पंचवीस, शिवाय रंगाची खूण वाहून नेणारी लहरही वेगळी. एका सेकंदातील एकूण रेषा दोन्हीकडे पंधरा-सोळा हजारांच्या घरात असल्यामुळेच चेहरे ओळखू येतात, नाहीतर तेही आले नसते.

येथे बाधक आहे, कारणदोष नाही. अन्वयव्यतिरेकही येथे चकवतो, कारण संच बदलून अमेरिकी संच लावला की चित्र सुधारते म्हणून भारतीय संच दोषी ठरतो, आणि रेकॉर्डर व कॅसेट बदलून भारतीय लावल्या तरीही चित्र सुधारते म्हणून त्या दोषी ठरतात. दोन्ही निष्कर्ष रीतसर आहेत. परस्परांशी न जुळणे हाच दोष, असे मीमांसक म्हणू शकेल. पण मग दोष कोणत्याही एका वस्तूत राहत नाही, आणि ग्रंथाला कर्ता नाही एवढ्यावरून तो ऐकणाऱ्याला होणारे ज्ञान निर्दोष असेल, ही हमीही उरत नाही.

दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत वेगळी बाजू घेतली होती: प्रामाण्यालाही स्वतंत्र कारण लागते, त्याला गुण म्हणावे, आणि वेदाच्या बाबतीत तो गुण म्हणजे सर्वज्ञ वक्ता, ईश्वर. केवळ दोषाभाव पुरत नाही, हा त्यांचा मुद्दा या उदाहरणाने बळकट होतो. मात्र त्यांनी गुण जेथे ठेवला तेथे तो मावत नाही, कारण पाठवणारे यंत्र कितीही प्रामाणिक असले तरी घेणाऱ्याशी त्याचा मेळ नसेल तर रंग हरवतातच.

वेदान्तात हा मेळ अधिकार, म्हणजे पात्रता, या नावाने ओळखला जातो, आणि परंपरेने तो बहुतांशी ऐकणाऱ्याच्या माथी मारला. ज्याच्यापाशी अधिकार नाही त्याला श्रवणच नाकारले, म्हणजे न जुळण्याचे खापर संचावर फोडले. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांनी उलटा मार्ग धरला. विवेकसिंधूत, ज्याचा काळ परंपरा शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगते, त्यांनी अद्वैत वेदान्त गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने मराठीत मांडला. श्रोता बदलण्याऐवजी पाठच त्याच्या पद्धतीत आणला.

या मार्गालाही किंमत आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. ५२५ रेषांचे चित्र ६२५ रेषांत उतरवताना वाढीव रेषा शेजारच्या रेषांवरून अंदाजाने भरल्या जातात आणि सेकंदाला सुमारे पाच चित्रे गाळली जातात किंवा इतरांत मिसळली जातात. म्हणजे संचावर रंगीत व स्थिर दिसणाऱ्या त्या चित्रात, कोणत्याही कॅमेऱ्याने कधीही न टिपलेल्या रेषा असतात. मराठी वेदान्तातील विस्तार आणि दृष्टांत यांना मूळ ग्रंथाचा अर्थ मानावे की भरलेल्या रेषा, यावर भाष्यकारांत एकमत होण्याची शक्यता कमी आहे. एवढे मात्र नक्की की त्या रेषा वगळून चौसाळ्याच्या त्या जुन्या संचावर अखंड चित्र दिसले नसते.