यादीत नाव नसलेल्या विधवा

पुनरुत्थानकाळातील दुसरा आठवडा, शनिवार
पहिले वाचन: प्रेषितांची कृत्ये 6:1-7
स्तोत्र 33
शुभवर्तमान: योहान 6:16-21



आजचं पहिलं वाचन मिस्सामध्ये सुरू झालं की मी थोडा चुळबुळतो. कारण सांगतो, पण आधी वाचन.

यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोज गरजूंना अन्न वाटलं जायचं. शिष्यांची संख्या वाढत होती आणि तेवढ्यात कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणारे म्हणू लागले की रोजच्या वाटपात आमच्या विधवा सुटतात. या बायका कोण? यहुदीच, पण बाहेरदेशी वाढलेल्या. पवित्र नगरीत आयुष्याचा शेवट व्हावा म्हणून अनेक कुटुंबं म्हातारपणी तिथे येत, असं अभ्यासक सांगतात. नवरा गेला की त्या शहरात बाईचं कुणी उरत नसे. ना भाऊ, ना दीर, ना शेजारची आत्या. भाषाही वेगळी.

लूक कुठेही म्हणत नाही की त्यांना कुणी मुद्दाम वगळलं. त्या सुटल्या, इतकंच. आणि मला टोचतं ते हेच.

आमचा एक छोटा ट्रस्ट आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये धर्मग्रामातल्या आम्ही काही तरुणांनी रेशनच्या पिशव्या वाटायला सुरुवात केली, त्यातून तो उभा राहिला. आता अभ्यासिका आहे, बायकांचे बचत गट आहेत, आधार-रेशनकार्डाची कामं करून देतो. मी त्याचा अध्यक्ष. आम्ही राहतो वसई पश्चिमेच्या गावात आणि काम मुख्यतः नालासोपारा पूर्वेच्या चाळींत. रेल्वेरुळाच्या अलीकडे केळी आणि फुलांच्या वाड्या, पलीकडे एका खोलीत सहा माणसं. ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

एका वाटपाच्या दिवशी एक भाभी रांगेत नव्हती, बाजूला उभी होती. सगळं आटोपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "भैया, हमारा नाम कभी नहीं आता क्या?"

खरं सांगू? मला रागच आला. सुट्टीचे दिवस घालवून फुकट राबतोय आणि वर हे ऐकायचं! मी म्हटलं, "फॉर्म भरा, नाव येईल." ती काही न बोलता गेली.

रात्री यादी उघडली. चार पानं. पहिल्या तीन पानांवर आमच्या ओळखीची नावं, कुणाच्या घरी काम करणारी, कुणी शिफारस केलेली. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या बायकांची नावं चौथ्या पानावर, थोडीशी, त्यातली काही पेन्सिलने. म्हणजे काम त्यांच्या वस्तीत आणि यादी आमच्या ओळखीची! फॉर्म मराठीत. तो मिळायचा रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये. खाली सही लागायची "ओळखणाऱ्या" माणसाची. त्या बाईला ओळखणारं कोण होतं? आम्ही कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. आम्ही फक्त दरवाजा असा बांधला होता की आपलीच माणसं आत येतील.

आता प्रेषितांनी काय केलं ते बघा. "कुरकुर" यासाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या अरण्यातल्या कुरकुरीसाठी येतो. तिथे ती देवाविरुद्धची कुरकुर ठरली. इथे बारा जणांपैकी एकही त्या बायकांना कृतघ्न म्हणत नाही. ते सगळ्यांना बोलावतात आणि माणसं निवडायला सांगतात. निवडलेले सात जण: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक! बहुतेक अभ्यासकांच्या मते हे तक्रार करणाऱ्यांच्याच गटातले. म्हणजे आधी कुणाच्या हातात वाटप होतं ते असो, आता ते ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्या हाती गेलं. फक्त त्यांच्या विधवांचं नाही, सगळ्यांचं.

आपण हे वाचन बहुधा असं ऐकतो की प्रेषितांनी "वरचं" काम, प्रार्थना आणि वचन, स्वतःकडे ठेवलं आणि "खालचं" पंगत वाढण्याचं काम दुसऱ्यांना दिलं. पण मूळ ग्रीकमध्ये अन्नाच्या सेवेला आणि वचनाच्या सेवेला एकच शब्द आहे, दियाकोनिया. आणि पुढे वाचा ना! सातव्या अध्यायात स्तेफन रक्तसाक्षी होतो, आठव्यात फिलिप शोमरोनात सुवार्ता सांगतो. पंगत वाढणारे म्हणून निवडलेल्यांनी काय काय केलं!

आपल्या वसईला हे नवीन नाही. आपला संत गोन्सालो गार्सिया काय होता? धर्मगुरू नव्हे, लेबंधू. आई इथली, वडील पोर्तुगीज. जपानी शिकला आणि फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर गेला. मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली बॅसीन कॅथॉलिक बँक सुरू केली, तेव्हा प्रश्न सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्याचा होता, म्हणजे भाकरीचाच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी "सुबोध बायबल" लिहिलं आणि हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी, जमिनीसाठी रस्त्यावरही उतरले. त्या लढ्यात वेगवेगळ्या धर्मांची माणसं होती.

इथे एक कडू गोष्ट बोलतो. टँकर आपल्या विहिरी उपसून नेत होते, वाड्या जाऊन इमारती उठत होत्या, त्याचा राग खरा होता. पण माझ्या पिढीने तो राग बिल्डरवरून सोयीस्करपणे भाडेकरूवर वळवला. "बाहेरचे आले आणि वसई बिघडली," हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटलंय. मग यादीचं चौथं पान पेन्सिलने लिहिलं गेलं यात नवल ते काय?

नंतर आम्ही काही बदल केले. फॉर्म हिंदीतही आला. हॉलऐवजी चाळीतच, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बसायला लागलो. त्याच वस्तीतल्या तीन बायका समितीवर घेतल्या. त्यातली एक ती भाभी. ती ख्रिस्ती नाही. यावरून आमचे एक ज्येष्ठ अंकल समिती सोडून गेले. "आपल्या लोकांनी दिलेले पैसे आहेत," म्हणाले. त्यांची चीड मला कळते. लॉकडाऊनमध्ये सगळ्यात आधी तांदळाची पोती त्यांनीच आणून दिली होती. अजून बोलत नाहीत. चर्चच्या पायरीवर दिसले की मी हात जोडतो, ते मान वळवतात. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि तिघी आल्यावर काय झालं? पहिल्याच बैठकीत त्यांनी यादीतली दोन नावं खोडली. म्हणाल्या, यांना आता गरज नाही, नवरे कामाला लागलेत. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. मग एका आजीचं नाव घातलं. जिन्याखाली राहायची, आम्ही तिच्या डोक्यावरून वर-खाली करत होतो.

पण चुळबुळ अजून संपलेली नाही. गोदामाची किल्ली मी दिली. रजिस्टर दिलं. चेकवरची सही मात्र अजून माझी आणि खजिनदाराची, दोघेही पश्चिमेचे. मी कारणं देतो: बँकेचे नियम, ऑडिट, त्यांना वेळ कुठे आहे. सगळी खरी आहेत आणि तरी खरं कारण वेगळं आहे. सही गेली की अध्यक्ष म्हणून माझं काय उरतं, याची मला भीती वाटते. प्रेषितांनी त्या सात जणांवर हात ठेवून प्रार्थना केली. डोक्यावर हात ठेवायचा तर मुठीतलं आधी सोडावं लागतं ना!

आजच्या शुभवर्तमानात शिष्य अंधारात वल्ही मारताहेत, वारा जोराचा आहे आणि प्रभू अजून नावेत आलेला नाही. उद्या संध्याकाळी आमची बैठक आहे, चाळीतच. विषयपत्रिकेवर सहीचा विषय मी स्वतः लिहिलाय, पाचव्या क्रमांकावर. आज रात्री तो पहिल्या क्रमांकावर नेतो.

प्रभू येशू, उद्या माझी जीभ अडखळली तर तू बोल. आणि अंकलना उद्या सकाळच्या मिस्साला माझ्याच बाकावर बसव. आमेन.