कुरवांची वसाहत आणि तटस्थ साक्षी

हिंवाळ्यांत कोंकणकिनाऱ्यावर उतरणारा कुरव आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. पण तो तेथें घरटें बांधीत नाहीं, त्यामुळें त्याच्या संसारांतील भीषण बाजू आपल्या दृष्टीस पडत नाहीं. ती ज्यांनीं बारकाईनें पाहिली त्यांत, पुढें १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले, निको टिनबर्गन हे अग्रगण्य होत. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास येथील वाळूच्या टेकड्यांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काळ्या डोक्याच्या कुरवांचा अभ्यास केला. पिलूं बाहेर पडल्यावर हा पक्षी रिकामें कवच उचलून दूर टाकतो. अंडें वरून मळकट व ठिपकेदार, म्हणून लपतें. फुटक्या कवचाची आंतली पांढरी बाजू मात्र कावळ्याला पत्ता सांगते. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत कवचाशेजारीं ठेवलेल्या अंड्यांपैकीं शेंकडा ६५ शत्रूंनीं पळविलीं. कवचावांचून ठेवलेल्यांपैकीं शेंकडा २२. मग कुरव तें तत्काळ कां टाकीत नाहीं? त्याची पाठ वळतांच शेजारचाच कुरव ओलें पिलूं गिळण्याचें भय असतें. तें वाळून लव फुलली कीं गिळणें अवघड जातें. वात्सल्यालाही शेजाऱ्याच्या चोंचीचा हिशेब ठेवावा लागतो!

अशा ठिकाणीं पाहणाऱ्याचा धर्म कोणता? निसर्गांत पाप नाहीं, तेव्हां पाहणाऱ्यालाही दोष नाहीं, असें उत्तर सामान्यतः मिळतें. कुरव निर्दोष खरा, कारण निराळें वागण्याचा विचारच त्याला सुचत नाहीं. पाहणाऱ्याला तो सुचतो. पक्ष्याच्या अजाणतेपणानें माणसाची जाणती अलिप्तता धुऊन कशी निघावी? उलटपक्षीं, प्रत्येक पिलूं वांचवूं पाहणारी दयाही मला उथळ वाटते. कावळ्याच्या घरट्यांतही उघड्या चोंची असतात.

पण वसाहतींत माणूस शिरला कीं मोठे पक्षी उडतात, पिलें भेदरून धांवतात, आणि परक्या हद्दींत गेलेल्या पिलाला तेथील धनी टोंचून मारतो. येथें चोंच कुरवाची असली तरी पाऊल माणसाचें आहे. टिपणवहींत ‘शेजाऱ्यानें मारलें’ एवढेंच लिहिणारा खोटें लिहीत नाहीं, पण अपुरें लिहितो. कापडी आडोशांत तासन्‌तास बसून पाहण्याची जी रीत आहे, तिच्यांत अचूकपणाइतकीच ही सावधगिरीही मला दिसते. आणि प्रयोगासाठीं कावळ्यांपुढें मुद्दाम मांडलेलीं तीं अंडीं? ज्ञानासाठीं झालेला तो व्यय माझ्या मतें क्षम्य आहे. मात्र त्याला केवळ निरीक्षण म्हणूं नये, आणि आडोशांत स्तब्ध बसलेल्या माणसाच्या खात्यांत तो मांडूं नये.