तासाचा हिशेब

नंदुरबार आणि दोंडाईचा या दोन पेठांच्या दरम्यान, तापीखोऱ्याच्या काळ्या रानात वसलेल्या रनाळे गावाला लोहमार्गही आहे आणि सडकही आहे. त्यामुळे सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून दुखणाइताला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून उतरवावे लागते, तशी आपत्ती येथील रहिवाशांवर सहसा येत नाही. तथापि याच सडकेवर रात्रीच्या प्रहरी एखाद्या दुचाकीस्वाराला मालमोटारीची धडक बसली आणि त्याच्या मांडीतून रक्त वाहू लागले, तर त्या घटकेपासून त्याचे जीवित कशावर अवलंबून राहते, या प्रश्नाला वैद्यकशास्त्राने दिलेले उत्तर गेल्या शंभर वर्षांत अनेकदा पालटले आहे. आणि तो पालट, माझ्या मते, शस्त्रक्रियेच्या कौशल्याच्या इतिहासाहून अधिक उद्बोधक आहे.

पहिल्या महायुद्धात आघाडीवर काम केलेल्या वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1918 मध्येच असे नमूद केले होते की, फुटलेली रक्तवाहिनी बांधण्यापूर्वी शिरेतून द्रव चढवून रक्तदाब वाढविला, तर जे रक्त राखावयाचे तेच वाहून जाते. हे वचन पुढे विस्मृतीत गेले आणि सलाईनच्या बाटल्या सढळ हाताने रिकाम्या होऊ लागल्या. 1994 साली ह्यूस्टन येथील अभ्यासाने, धडावर भेदक जखमा झालेल्या रुग्णांपुरते का होईना, कॅननचे म्हणणे पुन्हा खरे ठरविले. शास्त्रातही विसराळूपणा असतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दरम्यान बाल्टिमोरच्या ॲडम्स काउली यांनी ‘सुवर्ण तास’ ही कल्पना रूढ केली होती. ती इतकी मनोहर होती की साठ मिनिटांचाच आकडा कोणत्या पुराव्यावर बसविला, हे विचारण्याचे फार दिवस कोणाला सुचले नाही. या विचाराला व्यवहाराची जोड मिळाली ती एका शोकान्त प्रसंगातून. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचे स्वतः चालविलेले लहान विमान नेब्रास्कातील एका शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले जबर जखमी झाली, आणि ज्या खेड्यातील इस्पितळात त्यांना नेले तेथे प्रथम काय करावे व नंतर काय, याची शिस्तच नाही, असे त्यांना आढळले. त्यातून 1978 मध्ये जो अभ्यासक्रम निघाला, त्याचा गाभा अगदी साधा होता: आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण; रोगनिदान पुरे होण्याची वाट पाहू नये. ही विद्या निघाली ती लहान गावाच्या दवाखान्यासाठी, ही गोष्ट मोठ्या शहरांतील तिच्या उपासकांना पुष्कळदा आठवत नाही.

2010 साली दोन शोधनिबंधांनी या तासाचा अर्थच बदलला. उत्तर अमेरिकेतील 3,656 गंभीर जखमींच्या नोंदींत रुग्णवाहिकेला लागलेली मिनिटे आणि मृत्यू यांचा ठळक संबंध दिसला नाही. तर 40 देशांतील 274 रुग्णालयांत 20,211 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, रक्त गोठून राहण्यास साह्य करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने मृत्यूचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 14.5 वर आले. त्या प्रयोगात भारतीय रुग्णालयेही होती. पुढील वर्षीच्या विश्लेषणात असे दिसले की हे औषध तीन तासांच्या आत दिले तरच तारते, उशिरा दिल्यास उलट अपायाचा संभव असतो. म्हणजे काळ महत्त्वाचा खराच. परंतु त्या काळात काय केले, याला वगळून नुसते घड्याळ पाहण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे या काळाचा मोठा वाटा दप्तराने खाल्ला. परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये जो निकाल दिला, त्याच्या मुळाशी असलेल्या वृत्तात एका जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने, पोलिसी प्रकरणे घेण्याचा अधिकार आपणास नाही म्हणून, सुमारे 20 किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले होते, आणि तो वाटेतच मरण पावला. आधी प्राण, मग पंचनामा, असे न्यायालयाने बजावले. तरी जखमीला उचलणाऱ्या वाटसरूची जबानी, हेलपाटे आणि फौजदाराची भीती यांपासून कायद्याने सुटका होण्यास 2019 ची मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती उजाडावी लागली. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून धावू लागली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

मुंबईच्या केईएम व शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांसह दिल्ली आणि कोलकाता येथील एकेका रुग्णालयात 2013 पासून सुमारे 16,000 जखमींची जी नोंदवही तयार झाली, तिने भारतीय आघातसंशोधनाला प्रथमच भरीव पाया दिला. पण जे मृतावस्थेत दारात पोचले, ते तिच्यात धरलेले नाहीत. रुग्णालयाच्या नोंदवहीने ते धरावेत तरी कसे? रनाळ्याच्या सडकेवर जो वाटेतच गेला, त्याची नोंद पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात आणि शवचिकित्सेच्या अहवालात राहते; मात्र रक्त थांबविण्यास प्रथम कोणी व केव्हा हात लावला, हे सांगण्यासाठी ते कागद लिहिलेलेच नसतात. हे कागद आणि रुग्णवाहिकेच्या वेळा इस्पितळाच्या दप्तराशी जुळवून वाचण्याचे काम फारसे खर्चाचे नाही, कंटाळवाणे मात्र आहे. आणि ते महानगरापेक्षा नंदुरबारसारख्या लहान जिल्ह्यातच आधी साधण्याजोगे आहे, कारण येथे ठाणी मोजकी आहेत.